ई-मेलवरील फसवणूक आणि माणसाचा स्वभाव

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

एखाद्या कार्यालयात ई-मेलवरून फसवणूक झाल्याचे उघडकीस आले की पहिला प्रश्न हमखास विचारला जातो : "इतका शिकलेला माणूस फसलाच कसा ?" या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याने मनाशी आधीच ठरविलेले असते. फसणारा मनुष्य एक तर अडाणी असावा, नाही तर लोभी असावा, अशी समाजाची दृढ समजूत आहे. गेल्या दोन दशकांत मानसशास्त्रज्ञांनी आणि संगणकतज्ज्ञांनी या विषयाचा जो अभ्यास केला, त्यातून मात्र वेगळे चित्र पुढे येते. ठक ज्या दोरीला धरून माणसाला ओढतो ती दोरी नेहमीच त्या माणसाच्या दुर्गुणाची नसते. अनेकदा ती त्याच्या सद्गुणाचीच असते. वेळेवर काम करण्याची सवय, वरिष्ठांविषयी आदर, दुसऱ्याला मदत करण्याची वृत्ती, नव्याची आवड, या गोष्टी एरवी कौतुकास पात्र ठरतात. त्याच गोष्टी येथे गळाच्या टोकाला लावलेले आमिष गिळायला लावतात. हे नीट समजून घेतले नाही, तर फसलेल्याला दोष देण्यापलीकडे काही साध्य होणार नाही आणि पुढची फसवणूकही टळणार नाही.

जुनाच धंदा, नवे साधन

हा धंदा नवा नाही. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत 'स्पॅनिश कैदी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पत्रांचा सुळसुळाट होता. कोणी धनाढ्य गृहस्थ स्पेनमधील तुरुंगात अडकला आहे, त्याच्या सुटकेसाठी थोडी रक्कम पाठविल्यास पुढे मोठा वाटा मिळेल, असा त्यांतील मजकूर असे. विसाव्या शतकाच्या अखेरीस याच कथेने नायजेरियातील एखाद्या दिवंगत अधिकाऱ्याच्या अडकलेल्या कोट्यवधी डॉलरांचे रूप घेतले. त्या देशाच्या फौजदारी कायद्यातील कलमावरून या प्रकाराला 'चारशे एकोणीस' असे नाव पडले. भारतात दंड संहितेच्या कलमावरून 'चारशेवीस' हा शब्द रूढ झाला, त्याचीच ही भावकी. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचे कलम ३१८ झाले, तरी लोकांच्या तोंडी 'चारशेवीस' कायम आहे.

ई-मेलने या धंद्याला दोन सवलती दिल्या. पहिली, एका पत्राच्या खर्चात लाखो पत्रे धाडता येऊ लागली. दुसरी अधिक महत्त्वाची. १९७१ मध्ये अमेरिकेतील रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर ई-मेल पाठविला आणि १९८२ मध्ये ई-मेल पोचविण्याचे नियम निश्चित झाले. त्या नियमांत पाठविणाऱ्याची ओळख पडताळून पाहण्याची सोयच नव्हती. टपालाच्या पाकिटावर 'प्रेषक' म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसाच तो प्रकार होता. पडताळणीच्या पद्धती पुढे आल्या, तेव्हा ठकांनी एखादेच अक्षर बदललेले, पण दिसायला हुबेहूब असे पत्ते वापरण्यास आरंभ केला. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर तर पुष्कळदा पत्ता दिसतही नाही. केवळ नाव दिसते.

स्वभावाचे पाच पैलू

माणसाच्या स्वभावाचे मोजमाप करण्यासाठी मानसशास्त्रात पाच पैलूंची एक मांडणी सर्वत्र वापरली जाते. कर्तव्यदक्षता, सौजन्य, चिंताशीलता, बहिर्मुखता आणि नव्याची ओढ असे ते पाच पैलू होत. प्रत्येक व्यक्तीत हे पाचही असतात. प्रमाण मात्र वेगवेगळे असते. यांपैकी कोणता पैलू माणसाला फसवणुकीकडे अधिक ओढतो, याविषयी झालेल्या पाहण्यांचे निष्कर्ष सर्वत्र सारखे नाहीत. याचे कारण स्पष्ट आहे. ठकाच्या हाती एकच किल्ली नसते, किल्ल्यांचा जुडगा असतो. बक्षिसाचे पत्र एका स्वभावाच्या कुलपाला लागते, धमकीचे पत्र दुसऱ्या.

प्रथम कर्तव्यदक्षतेचा विचार करावा. शिस्तप्रिय आणि काळजीपूर्वक काम करणारा मनुष्य कमी फसत असेल, असे कोणालाही वाटेल. परंतु २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कर्मचाऱ्यांना त्यांच्या कामाशी संबंधित वाटेल असे बनावट पत्र प्रत्यक्ष पाठवून पाहण्यात आले, तेव्हा त्याला बळी पडण्याशी सर्वाधिक संबंध कर्तव्यदक्षतेचाच आढळला. कार्यालयातून आलेला निरोप बाजूला ठेवणे अशा माणसाच्या प्रकृतीतच नसते. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. आपण फसण्याची शक्यता कमी आहे असे ज्यांना वाटत होते, तेच अधिक प्रमाणात फसले.

या संदर्भात २०२० च्या फेब्रुवारीत अमेरिकेत घडलेली घटना बोलकी आहे. बार्बरा कॉर्कोरन या प्रसिद्ध उद्योजिकेच्या हिशेबनीसाला त्यांच्या साहाय्यिकेकडून आल्यासारखा एक ई-मेल आला. जर्मनीतील एका कामाचे सुमारे ३ लाख ८८ हजार डॉलरांचे बिल चुकते करावे, असे त्यात म्हटले होते. हिशेबनीसाने डोळे झाकून पैसे पाठविले नाहीत. ही रक्कम कशाची, असा प्रश्न त्याच ई-मेलला उत्तर देऊन विचारला. त्यावर समाधानकारक आणि तपशीलवार खुलासाही आला. तेव्हा पैसे रवाना झाले. पुढे खऱ्या साहाय्यिकेच्या खऱ्या पत्त्यावर पत्र गेले, तेव्हा पहिल्या पत्त्यात एक अक्षर गाळलेले असल्याचे ध्यानात आले. सुदैवाने जर्मनीतील बँकेने रक्कम अडवून धरल्यामुळे ती परत मिळाली. येथे चौकशी झाली होती, पण ती ठकाकडेच झाली होती. आलेल्या पत्रालाच उत्तर देऊन केलेली खात्री ही खात्री नव्हे, हा धडा प्रत्येक कार्यालयाने भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

दुसरा पैलू सौजन्याचा. सौजन्यशील माणूस समोरच्यावर विश्वास टाकतो, नकार देताना अवघडतो. अमेरिकेच्या इंडियाना विद्यापीठातील संशोधकांनी केलेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत नेहमी सांगितला जातो. विद्यार्थ्यांना एक बनावट ई-मेल पाठवून विद्यापीठाच्या खात्याचा परवलीचा शब्द भरण्यास सांगण्यात आले. पत्र अनोळखी व्यक्तीकडून आले असता १६ टक्के विद्यार्थी फसले. तेच पत्र मित्राच्या नावाने आले, तेव्हा हे प्रमाण ७२ टक्क्यांवर गेले. मित्रांची नावे संशोधकांनी सर्वांना पाहण्यास खुल्या असलेल्या संकेतस्थळांवरूनच गोळा केली होती. मैत्रीवरचा विश्वास हा दोष नाही. त्याच्याशिवाय गाव चालत नाही आणि शाळाही चालत नाही. दोष आहे तो नाव पाहून माणूस ओळखल्याचे समाधान मानण्यात.

तिसरा पैलू चिंताशीलतेचा. ज्यांचे मन लवकर अस्वस्थ होते, त्यांच्यासाठी धमकीचे पत्र असते. तुमचे खाते आज बंद होईल, तुमच्यावर गुन्हा दाखल झाला आहे, चोवीस तासांत उत्तर न दिल्यास अटक होईल, ही त्याची भाषा. पोलीस, केंद्रीय अन्वेषण विभाग, सायबर गुन्हे केंद्र यांच्या नावे, राजमुद्रा छापलेली अशी पत्रे भारतात असंख्य नागरिकांना आली आहेत आणि केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने ती बनावट असल्याचे वेळोवेळी जाहीर केले आहे. भीतीने विचारशक्ती कुंठित होते; पत्रातले दोष दिसतात, पण नजर त्यांच्यावर ठरत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या विद्यापीठीय पाहणीत मात्र बक्षिसाच्या पत्राला प्रतिसाद देण्याशीही या चिंताशीलतेचा संबंध आढळला, विशेषतः विद्यार्थिनींच्या बाबतीत. अस्वस्थ मनाला संधी हुकण्याचीही भीती वाटते.

भीतीला घाईची जोड मिळाली की काय होते, याचे उदाहरण २०१६ च्या मार्च महिन्यातील आहे. अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीत हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांना, कोणीतरी तुमचा परवलीचा शब्द वापरला आहे, तो त्वरित बदला, असा ई-मेल आला. त्यांच्या कर्मचाऱ्यांनी संगणक साहाय्यकाला विचारले. साहाय्यकाने हे पत्र 'खरे' आहे असे लिहून पाठविले. आपल्याला 'खोटे' असे लिहावयाचे होते, असे त्याने नंतर सांगितले. शब्द बदलण्याचा योग्य पत्ताही त्याने सोबत दिला होता. तथापि दाबले गेले ते बनावट पत्रातील बटण. हजारो खाजगी पत्रे त्यामुळे परक्यांच्या हाती गेली. जाणकार सल्लागार हाताशी असूनही घाईने घात केला.

उरलेल्या दोन पैलूंविषयी थोडक्यात सांगता येईल. बहिर्मुख आणि नव्याची ओढ असणारी माणसे आपल्याविषयी अधिक बोलतात. नवी माहिती, नवी संधी त्यांना खुणावते. २०१३ च्या त्याच पाहणीत नव्याची ओढ असलेले विद्यार्थी फेसबुकवर अधिक माहिती देत आणि ती कोणी पाहावी यावर कमी निर्बंध घालत, असे आढळले. सत्काराचे छायाचित्र, बदलीची बातमी, सहलीचा बेत या गोष्टी आप्तेष्टांसाठी असतात. पण ठकाला त्यांतून पत्राचा मसुदा तयार मिळतो. साहेब बाहेरगावी आहेत हे कळल्यावर 'मी बैठकीत आहे, फोन करू नका, एवढे काम तातडीने करा' असे पत्र साहेबांच्या नावे धाडणे सोपे होते.

पहिले उत्तर आणि दुसरा विचार

या पाचांखेरीज आणखी एक प्रवृत्ती विचारात घ्यावी लागते. ती म्हणजे मनात आलेल्या पहिल्या उत्तरावर थांबण्याची. शेन फ्रेडरिक यांनी २००५ मध्ये तीन प्रश्नांची एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. तीतील एक प्रश्न रुपयांत मांडायचा तर असा होईल : बॅट आणि चेंडू मिळून ११० रुपये होतात, बॅटची किंमत चेंडूपेक्षा १०० रुपयांनी अधिक आहे, तर चेंडू केवढ्याचा? बहुतेकांच्या ओठांवर 'दहा रुपये' हे उत्तर येते. खरे उत्तर पाच रुपये आहे. येथे गणिताच्या ज्ञानाची कसोटी नाही. पहिल्या उत्तराला क्षणभर रोखून धरण्याची कसोटी आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांना २०१५ मधील एका अभ्यासात असे दिसले की, निर्णय घेताना ज्यांची वृत्ती कमी उतावळी असते, ते बनावट पत्रातील धोका अधिक वेळा ओळखतात. त्याच अभ्यासात, पत्र विश्वसनीय वाटावे यासाठी अधिकाराचा सूर सर्वांत प्रभावी ठरला. अधिकाऱ्याच्या शब्दाला मान देण्याची शिकवण जेथे खोलवर रुजलेली आहे, तेथे या निष्कर्षाचा गांभीर्याने विचार व्हावयास हवा.

विद्वत्ता हेही कवच नव्हे. ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठाने तेथील ग्राहकहित पाहणाऱ्या शासकीय कार्यालयासाठी २००९ मध्ये केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्या विषयात फसवणूक झाली त्या विषयाची जाण फसलेल्यांना पुष्कळदा इतरांपेक्षा अधिकच होती. ज्ञानामुळे आलेला अतिविश्वास त्यांना नडला. इतरांनी जे पत्र एका नजरेत टाकून दिले, त्यावर त्यांनी बराच वेळ विचार केला होता. शिवाय अनेकांनी ही बाब घरच्यांपासून लपवून ठेवली होती. जणू मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना संशय होताच. यातून एक साधी खूण हाती लागते. ज्या पत्राविषयी घरात किंवा कार्यालयात बोलू नये असे वाटते, त्याविषयी सर्वांत आधी बोलावे.

मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. २०१३ ते २०१५ या काळात गूगल आणि फेसबुक या कंपन्यांनी, ज्या पुरवठादाराशी त्यांचा खरोखर व्यवहार होता, त्याच्याच नावाने आलेल्या खोट्या बिलांपोटी १० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम दिली. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून फेब्रुवारी २०१६ मध्ये ८ कोटी १० लाख डॉलर चोरीला गेले. त्या चोरीची सुरुवात सुमारे वर्षभर आधी नोकरीसाठी आलेल्या एका नम्र अर्जाच्या ई-मेलने झाली होती. ज्या कर्मचाऱ्यांनी तो अर्ज उघडला, त्यांनी आपले नेहमीचेच काम केले होते.

कार्यालयाने काय करावे

यावरून निष्कर्ष निघतो तो हा की, माणसांचा स्वभाव बदलण्याची वाट पाहत बसू नये. स्वभाव कसाही असला तरी हानी होणार नाही अशी कामाची रीत घालून द्यावी. प्रशिक्षणाचा उपयोग निश्चित होतो. २०१० मध्ये अमेरिकेत सुमारे एक हजार व्यक्तींवर केलेल्या एका अभ्यासात प्रशिक्षणानंतर बनावट पानांवर माहिती भरण्याचे प्रमाण ४० टक्क्यांनी घटले. याचाच अर्थ असा की, धोका कमी झाला, नाहीसा झाला नाही. उरलेल्या धोक्याला नियमाचाच आधार हवा.

पहिला नियम खात्रीचा. पैसे, परवलीचा शब्द किंवा बँक खात्यातील बदल यांविषयी ई-मेल आला, तर कार्यालयाच्या नोंदवहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करावी. पत्रात दिलेल्या क्रमांकावर नव्हे.

दुसरा नियम दोन हातांचा. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतील रकमा ई-ग्रामस्वराज प्रणालीतून डिजिटल स्वाक्षरीने अदा होतात. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी अशा दोघांच्या स्वाक्षऱ्या ठेवण्यामागचा हेतू, एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याला दिसावे हा आहे. सोयीसाठी दोन्ही टोकन आणि त्यांचे गुप्त क्रमांक एकाच खणात पडून राहिले, तर दोन कुलपांच्या दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला टांगल्यासारखे होईल.

तिसरा नियम वरिष्ठांसाठी आहे आणि तोच सर्वांत अवघड आहे. समजा, महिनाअखेरीस एखाद्या मुख्याध्यापकांना 'शालार्थ प्रणालीतील आपले खाते आज सायंकाळी बंद होईल, तत्काळ माहिती भरावी' असा ई-मेल आला. शिक्षकांचे वेतन अडेल या काळजीने त्यांनी माहिती भरली, तर दोष कोणाचा ? ज्या व्यवस्थेत खरे आदेशही खाजगी ई-मेलवरून, 'अतितातडीचे' असा शेरा मारून, मुदत संपण्याच्या दिवशी येतात, ती व्यवस्था आपल्या माणसांना नकळत फसण्याचेच शिक्षण देत असते. अधिकृत पत्रव्यवहार शासकीय ई-मेलवरूनच व्हावा, मुदत वाजवी असावी आणि 'साहेब, हे पत्र आपलेच ना ?' असे विचारणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्यावर कोणी डाफरू नये. तो एक प्रश्न लाखो रुपये वाचवू शकतो. सौजन्यशील माणसाला नकार देणे जड जाते. 'नियमाप्रमाणे आधी फोन करावा लागतो' हे वाक्य त्याच्या हाती दिले की त्याचे सौजन्यही टिकते आणि पैसाही.

आणखी एक सूचना आवश्यक आहे. अशुद्ध भाषा ही बनावट पत्राची खूण, असे पूर्वी सांगितले जाई. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे आता निर्दोष मराठीतही अशी पत्रे तयार होऊ शकतात. म्हणून भाषा न पाहता मागणी काय आहे ते पाहावे.

फसल्यानंतर

एवढे करूनही कोणी फसलाच, तर पहिला शत्रू लाज हा होय. लाजेमुळे माणूस गप्प राहतो आणि तेवढ्या वेळात रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जाते. म्हणून १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि आपल्या बँकेला ताबडतोब कळवावे, तसेच केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर तक्रार करावी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरविले की, ग्राहकाने स्वतःच्या चुकीने गुप्त माहिती दिली असली, तरी बँकेला कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावे. कळविण्यातील प्रत्येक मिनिटाला मोल आहे ते यामुळेच. तोतयेगिरीने संगणकाद्वारे फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एकदा फसलेल्यांच्या नावांच्या याद्या ठकांच्या जगात विकल्या जातात आणि 'तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो' असे दुसरे पत्र येते, हेही ध्यानात ठेवावे.

ज्या कार्यालयात फसलेल्याला सर्वांसमोर हिणविले जाते, तेथे पुढचा फसलेला बोलणार नाही. ज्या कार्यालयात तो निर्भयपणे येऊन 'माझ्याकडून हे घडले' असे सांगू शकतो, तेथे गेलेला पैसा अडविता येण्याचा संभव असतो आणि उरलेले सहकारी सावध होतात. सरपंचांनी, मुख्याध्यापकांनी आणि कार्यालयप्रमुखांनी आपल्या पुढच्या बैठकीत या विषयासाठी दहा मिनिटे काढावीत, खात्रीचे दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावावेत आणि शंका विचारणाऱ्याला कोणी रागावणार नाही, असे स्वतःच्या तोंडाने सर्वांना सांगावे. सुरुवात करण्यास एवढे पुरेसे आहे आणि त्याला कोणत्याही अनुदानाची गरज नाही.